कॉलेजचं एक वर्ष सत्कारणी कसं लावावं

कॉलेजचं वर्ष आळसामुळे वाया जातं असं सर्रास म्हटलं जातं. पण वर्षभर धावपळ करणारी मुलंमुलीसुद्धा शेवटी रेझ्युमे लिहायला बसली की अडतात. केलेलं पुष्कळ असतं. चार कोर्स अर्धवट सुटलेले असतात, तीन क्लबांत नाव असतं, दहा-बारा सर्टिफिकेटं असतात. पूर्ण झालेलं, दुसऱ्यासमोर ठेवता येईल असं मात्र काही सापडत नाही.

म्हणून वर्षाची आखणी शेवटाकडून करावी. वर्ष संपताना तीन गोष्टी हातात हव्यात: स्वतः पूर्ण केलेलं एक काम, ते काम जवळून पाहिलेली दोन-तीन माणसं, आणि वर्षभराची तारीखवार नोंद. आत्मविश्वास, बोलण्यातला सराईतपणा, वेळेची शिस्त हे सगळं या तिन्हींच्या मागे लागताना आपोआप घडत जातं. ‘मला आत्मविश्वास वाढवायचाय’ असं वहीत लिहिल्याने तो वाढत नाही.

आधी तास मोजा

आठवड्यात १६८ तास असतात. रोज ८ तास झोपेचे धरले तर ५६ गेले. लेक्चर आणि प्रॅक्टिकल साधारण २८, येणं-जाणं, जेवण, आंघोळ, कपडे यांत दिवसाला ३ प्रमाणे २१, स्वतःचा अभ्यास १४. बेरीज ११९ झाली, उरले ४९. या ४९ पैकी ६ तास, म्हणजे प्रत्येकी दोन तासांच्या तीन बैठका, वर्षभराच्या त्या एका कामासाठी बाजूला काढायच्या. बाकीचे ४३ तास मित्र, खेळ, घर, नुसतं लोळणं यांना राहू द्या. त्यांवर हात मारला की योजना तिसऱ्या आठवड्यात मोडते.

आकडे तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे बदला, पण अंदाजाने लिहू नका. एक आठवडा प्रत्यक्ष नोंद करा: दर तीन-चार तासांनी मागच्या वेळात काय केलं ते एका ओळीत लिहा. बहुतेकांना इथेच पहिला धक्का बसतो, कारण मोबाइलवर गेलेला वेळ आठवणीत कमी भरतो आणि फोनच्या स्क्रीन टाइममध्ये जास्त दिसतो.

वर्षात ५२ आठवडे असले तरी परीक्षा, सुट्ट्या, आजारपण आणि सबमिशनची घाई वजा केली की कामाचे ३० आठवडे धरणं शहाणपणाचं. ३० गुणिले ६, म्हणजे १८० तास. एवढंच भांडवल आहे आणि ते पुरेसं आहे.

दोन तासांचीच बैठक का? मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे आठवण्यात पहिली पंधरा-वीस मिनिटं जातात. अर्ध्या तासाची बैठक त्यातच संपते. ही पंधरा मिनिटं वाचवायची असतील तर प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुढचं पाऊल एका वाक्यात लिहून उठा. ‘सर्वेक्षण पुढे नेणे’ हे पाऊल झालं नाही. ‘प्रश्न ४ नव्याने लिहिणे’ हे झालं.

एकच काम निवडायचं

निवडीसाठी तीन आठवडे द्या, त्याहून जास्त नको. ज्या प्रकारच्या नोकरीकडे किंवा पुढच्या शिक्षणाकडे तुमचा ओढा आहे तिच्या २० जाहिराती किंवा प्रवेशाच्या अपेक्षा वाचा आणि मागितलेली कौशल्यं एका कागदावर रेघा मारत मोजा. वीसपैकी दहा-बारा ठिकाणी जे येतं ते खरं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी चमकणारं नवंकोरं नाव सोडून द्या, मित्रांच्या ग्रुपवर त्याची कितीही चर्चा असली तरी. मग त्या कौशल्यातला छोटासा तुकडा एका आठवड्यात, सहा तासांत, करून पाहा. तुकडा फसला तरी चालेल. करताना घड्याळाकडे किती वेळा पाहिलं हे मात्र लक्षात ठेवा, कारण उरलेले १७४ तास तेच करायचं आहे.

यानंतर कामाचा आकार ठरवायचा, आणि घोटाळा होतो तो इथेच. ‘कॉलेजसाठी संपूर्ण ॲप’, ‘शहरातल्या कचऱ्यावर संशोधन’ अशी कामं १८० तासांत मावत नाहीत. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. विशेष म्हणजे ‘सगळंच बिघडलं तर किती लागतील’ या प्रश्नावर त्यांनी दिलेला आकडासुद्धा ५५ पेक्षा कमीच होता. म्हणून १८० तास हाताशी असतील तर १०० तासांचं वाटेल असं काम घ्या.

लायब्ररीचं उदाहरण घेऊ, कारण ते कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखं आहे. ‘वाचनसंस्कृतीचा अभ्यास’ हा विषय फार मोठा. ‘आपल्या कॉलेजचे विद्यार्थी लायब्ररीत कोणत्या वेळी येतात, जागा मिळाली नाही तर कुठे जातात’ हे शंभरेक जणांना विचारणं आणि त्याचा छोटा अहवाल ग्रंथपालांना देणं, हे मावतं. त्यात प्रश्नावली बनवणं, अनोळखी माणसांशी बोलणं, तक्ते, आलेख, लेखन आणि सादरीकरण सगळं येतं. प्रोग्रॅमिंगकडे कल असेल तर त्याच माहितीवर गर्दीची वेळ दाखवणारं एक पान तयार करता येईल. वाणिज्य शाखेतली विद्यार्थिनी एखाद्या छोट्या संस्थेच्या वर्षभराच्या जमाखर्चाची मांडणी करू शकते, भाषेचा विद्यार्थी तीन दीर्घ मुलाखती घेऊन संपादित करू शकतो.

काम पूर्ण झालं हे कसं कळणार, तेही आधीच एका वाक्यात लिहून ठेवा: अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझ्या मदतीशिवाय हे वाचेल किंवा वापरेल. वाक्यात व्यक्ती नसेल तर काम कधीच संपत नाही, ते नुसतं ‘सुधारत’ राहतं.

वेळापत्रक ढोबळपणे असं बसतं. पहिल्या सेमिस्टरचे पहिले तीन आठवडे निवड. चौथ्या ते दहाव्या आठवड्यात कच्चं रूप, ओबडधोबड चालेल पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत असलेलं. अकराव्या आठवड्यात ते तिघांना दाखवायचं. नंतर परीक्षा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या सेमिस्टरचे पहिले आठ आठवडे दुरुस्तीचे, नववा पुन्हा दाखवण्याचा, दहावा ते बारावा लेखन आणि सादरीकरणाचा. शेवटचे तीन मोकळे सोडा. ते कुठेतरी खर्ची पडतातच.

सातव्या आठवड्याच्या आसपास एक ठरलेला मोह होतो. कच्चं रूप तेव्हा वाईट दिसत असतं, नवलाई ओसरलेली असते आणि दुसरा विषय फारच छान वाटू लागतो. नियम असा ठेवा: कच्चं रूप कुणालातरी दाखवल्याशिवाय काम बदलायचं नाही. दाखवल्यावरही बदलावंसं वाटलं तर खुशाल बदला. दाखवण्याआधीचं बदलणं हे बहुतेक वेळा दाखवण्याच्या भीतीतून आलेलं असतं.

सवय लागायला २१ दिवस पुरतात या समजावर विसंबू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसात १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. त्यातलाच दिलासा देणारा भाग म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, पुढची ठरलेली बैठक गाठा.

कामाची वही

आठवड्याला एक पान, दर रविवारी पंधरा मिनिटं. कागदाची वही घ्या किंवा एकच फाइल ठेवा. चार ॲप वापरलीत तर वर्षाअखेरीस काहीच सापडणार नाही. पान कसं दिसावं, बघा:

आठवडा ९. तास: ठरवले ६, झाले ४.
झालं: ३८ जणांची उत्तरं तक्त्यात भरली.
अडलं: प्रश्न ४ ला अकरा जणांनी ‘कधी कधी’ असं लिहिलंय. हे मोजायचं कसं ते कळेना.
विचारलं: संख्याशास्त्राच्या मॅडमना. म्हणाल्या, उत्तरं मोजत बसू नकोस, प्रश्न बदल. ‘मागच्या सात दिवसांत किती वेळा’ असं विचार.
पुढचं पाऊल: मंगळवार ५ ते ७, प्रश्न ४ नव्याने लिहून पाच जणांवर तपासणे.

यातली ‘अडलं’ ही ओळ सगळ्यांत मोलाची. मुलाखतीत ‘अडचण आली तेव्हा काय केलंत?’ हा प्रश्न हमखास येतो आणि ज्याच्याकडे वही नाही तो तिथे गुळगुळीत उत्तर देतो. वहीवाला सांगतो की ‘कधी कधी’ या दोन शब्दांमुळे अकरा उत्तरं वाया गेली आणि प्रश्न असा बदलला.

‘झाले ४’ लिहिताना लाज वाटून ६ लिहू नका. चार आठवडे सलग कमी तास दिसले तर ठरवलेले तासच ४ करा आणि कामाचा आकार तेवढा घटवा. तास खोटे लिहिले तर आकार कमी करायची वेळ आली हे कळतच नाही.

अभ्यास: वाचणं कमी, आठवणं जास्त

मार्क सांभाळूनच हे सगळं करायचं आहे, तेव्हा अभ्यासाचे १४ तास नीट वापरले पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुन्हा पुन्हा वाचताना ‘सगळं येतंय’ असं जे वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांचं वाटणं असतं.

करायचं इतकंच: लेक्चरच्या दिवशी रात्री वही मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वही उघडून चुकलेलं वेगळ्या शाईने भरा. तोच कागद तीन दिवसांनी आणि मग दहा-बारा दिवसांनी पुन्हा. पहिले काही दिवस कागद अर्धा कोरा राहतो. ते बरोबर चाललंय, सोडू नका.

माणसं

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालच्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांकडे पाहिलं. ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी कळली तो नेहमी भेटणारा होता, असं सहापैकी सुमारे एकानेच सांगितलं. बाकीच्यांचा तो अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. म्हणून आपल्या ग्रुपबाहेरच्या माणसांशी थोडी थोडी ओळख राखणं हा वर्षाच्या कामाचाच भाग धरा. महिन्याला दोन नवी माणसं पुरेत: दुसऱ्या विभागाचे सर, दोन वर्षं पुढची सीनिअर, त्या क्षेत्रात काम करणारा माजी विद्यार्थी.

‘सर, प्लीज गाइड करा’ असा मेसेज पाठवू नका. त्याला उत्तर देण्यासाठी समोरच्याला आधी तुमचा प्रश्न शोधावा लागतो आणि तेवढा वेळ कुणापाशी नसतो. असं लिहा:

‘नमस्कार. मी दुसऱ्या वर्षाला आहे. लायब्ररीच्या वापरावर एक छोटं सर्वेक्षण करतेय, आतापर्यंत ३८ जणांची उत्तरं आली आहेत. अकरा जणांनी “कधी कधी” असं उत्तर दिल्यामुळे प्रश्न ४ बदललाय. जुना आणि नवा, दोन्ही खाली दिले आहेत. नव्यात काही त्रुटी दिसते का, हे दोन ओळींत कळवलंत तरी पुरेल.’

कोण, काय केलं, कुठे अडलं, किती वेळ हवा, हे चारही यात आहे. दहा दिवस उत्तर आलं नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करा, नंतर सोडून द्या. उत्तर आलं तर त्याप्रमाणे काय केलं ते महिन्याभरात कळवा. हे कळवणं बहुतेक जण विसरतात, आणि ओळख टिकते ती नेमकी त्याच्यामुळे.

काम दाखवताना ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारा: कुठे कंटाळा आला? कोणतं पान समजलं नाही? एकच गोष्ट काढायची तर कोणती काढाल? ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका, लिहून घ्या. तिघांपैकी दोघं एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त करा. एकच जण अडखळला तर विचार करून ठरवा.

शिफारसपत्र लागणार असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी मागा आणि सोबत रेझ्युमे, अर्जाची शेवटची तारीख आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाच्या चार ओळी द्या. सर कितीही चांगले असले तरी साठ जणांच्या वर्गातला तुमचा प्रोजेक्ट त्यांना तपशिलात आठवणार नाही.

गटात काम करताना

गट-प्रोजेक्टमध्ये भांडण बहुधा आळशी माणसावरून होतं आणि त्याचं मूळ पहिल्या बैठकीत असतं, कारण ‘आपण सगळे मिळून करू’ असं ठरलेलं असतं. पहिल्याच दिवशी अर्ध्या पानावर लिहा: कोणता भाग, कुणाकडे, कोणत्या तारखेला कच्चा. प्रत्येक भागापुढे एकच नाव. ‘दोघं मिळून’ लिहिलेला भाग शेवटच्या रात्री करावा लागतो. तारीख चुकली तर त्याच दिवशी, एकट्याला, विचारा: ‘तुझा भाग काल यायचा होता. कशावर अडलंय? गुरुवारपर्यंत जमेल, की अर्धा मी घेऊ?’ ग्रुपवर सर्वांसमोर टोमणा मारला की माणूस काम सोडून बचाव करू लागतो.

बोलायची भीती असेल तर स्टेजवर जायची घाई नको. पहिल्या महिन्यात आठवड्याला एका लेक्चरमध्ये एक प्रश्न, आधी लिहून ठेवलेला. दुसऱ्या महिन्यात तीन-चार जणांसमोर पाच मिनिटं आपल्या कामाबद्दल. त्यानंतर वर्गासमोर. सादरीकरणाचा सराव मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून तीनदा करा. मनातल्या मनात केलेल्या सरावात अडखळणारी वाक्यं कळतच नाहीत.

शरीर आणि मन

सात ते नऊ तास झोप या वयात लागते. रात्री जागून केलेला अभ्यास सकाळी नीट आठवत नाही, आणि चुकलेल्या झोपेची भरपाई शनिवारी-रविवारी पुरती होत नाही. कॉफी-चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही शरीरात असतं, म्हणून संध्याकाळनंतर टाळा.

दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, झोप किंवा भूक गेली, आवडत्या गोष्टींतही रस उरला नाही, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि मदत घ्यायची. अशा वेळी कामाच्या बैठका बंद ठेवल्या तरी काहीही बिघडत नाही.

रेझ्युमेच्या ओळी आणि शेवटचे आठवडे

वही असेल तर रेझ्युमे एका संध्याकाळी होतो. ‘सर्वेक्षण प्रकल्पात सक्रिय सहभाग, नेतृत्वगुण विकसित केले’ या ओळीतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. हीच ओळ अशी लिहा: ‘लायब्ररीच्या वापराबद्दल ११२ विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण; प्रश्नावली तयार करून दोनदा सुधारली, १४ पानी अहवाल ग्रंथपालांना सादर केला.’ क्रियापद, आकडा आणि काम कुणाच्या हातात गेलं, एवढं आलं की पुरे. क्लबांपैकी जिथे एखादी जबाबदारी शेवटापर्यंत नेली तोच लिहा. नुसती हजेरीची सर्टिफिकेटं वगळा. प्रत्येक ओळीवर ‘हे नेमकं कसं केलंत?’ असं कुणीतरी विचारेल असं धरा आणि दोन मिनिटं बोलता येत नसेल ती ओळ काढा.

शेवटच्या आठवड्यात काम ठरलेल्या व्यक्तीच्या हाती द्या आणि ते मिळाल्याची एक ओळ लेखी मागून घ्या. मदत केलेल्या प्रत्येकाला अंतिम प्रत पाठवा. सर्वेक्षणात लोकांची नावं आणि फोन नंबर असतील तर ते काढून टाकूनच फाइल पुढे द्या. अहवाल, तक्ते, प्रश्नावलीची सगळी रूपं आणि वहीचे फोटो एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तारीख घालून ठेवा. हे सगळं कॉलेजच्या ईमेल खात्यावर असेल तर वेळीच स्वतःच्या खात्यावर हलवा. कॉलेज सुटल्यावर ते खातं बंद होऊ शकतं, आणि त्यासोबत शिफारस देणाऱ्या मॅडमशी झालेला सगळा पत्रव्यवहारही जातो.